जीपचं खालचं तेल : पावसाआधी तपासा, पावसानंतर बदला



भात झोडून घरात आलं, पिंजार रचून झालं. ऊसतोड यायला अजून चार दिवस आहेत म्हणून त्या मोकळ्या वेळात जीपचं खालचं सगळं तेल बदलून घेतलं. खालचं म्हणजे इंजिनचं नव्हे. गिअरबॉक्स, त्याच्या मागचा ट्रान्सफर, पुढचं हौसिंग आणि मागचं हौसिंग, अशा चार ठिकाणचं. इंजिन ऑइल सगळेच बदलतात. गॅरेजवाला चिठ्ठी चिकटवून देतो, कितीला बदललं, पुढं कितीला बदलायचं. खालच्या तेलाला मात्र कुणी वाली नाही. गाडी विकली जाते, पण ते तेल पहिल्या मालकाच्या वेळचंच असतं.

खळ्यावर गाडीखाली आडवा पडलेलो असताना वाटेनं जाणाऱ्या दोघा-तिघांनी एकच विचारलं, "अण्णा, तेल पावसाच्या आधी बदलत्यात न्हवं? पाऊस सरल्यावर कशाला?" आमचे कृषी सहायक आले होते, त्यांनीही तेच विचारलं. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढतो.

आधी गाडी आणि वाट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही शाहूवाडी तालुक्यातले, कडवी नदीच्या खोऱ्यातले. पाऊस किती पडतो हे या बाजूच्या माणसाला सांगायला नको. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. ओढ्यावर फरशी आहे, पण जून ते सप्टेंबर ती निम्मे दिवस पाण्याखालीच असते. फरशीच्या कडेला मी चुन्यानं रंगवलेला एक दगड रोवलाय. तो दिसत असेल आणि पाण्याला ओढ नसेल, तरच गाडी घालायची. दगड बुडला की गाडी अलीकडंच. त्यात मग कुणाचं काहीही काम असो, ऐकायचं नाही. गाडी आहे महिंद्राची एमएम ५४०, फोर-व्हील, मागचे बाक काढून लोखंडी हौदा बसवलेली. वस्तीचं दूध, खताची पोती, वैरण, आजारी माणूस, सगळं तीच नेते. ट्रॅक्टर आहेत वस्तीत दोन, पण पहाटे दूध घेऊन ट्रॅक्टर काढणं परवडत नाही.

आता मुद्दा. सपाट डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं हौसिंग तेल झिजून, जुनं होऊन खराब होतं. त्याला लई वर्षं लागतात. आमच्यासारख्या ओढ्यातनं जाणाऱ्या गाडीचं तेल पाण्यानं खराब होतं. त्याला एक दिवस पुरतो.

पाणी आत शिरतं कसं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सील चांगलं आहे म्हणजे पाणी जाणार नाही असं वाटतं. सीलचा ओठ आतल्या बाजूला वळलेला असतो, तेल आत धरून ठेवायला. बाहेरचं पाणी अडवणं हे त्याचं मुख्य कामच नव्हे. गाडी चढ चढून आली की मागचं हौसिंग हात ठेववत नाही इतकं तापतं. आतली हवा फुगते. ती बाहेर जायला हौसिंगच्या वर एक बारीक टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तशीच तापलेली गाडी गार पाण्यात घातली की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घ्यायला बघते. गरम आमटी स्टीलच्या डब्यात घालून झाकण दाबून लावा, डबा गार झाल्यावर झाकण निघता निघत नाही. तोच प्रकार. ब्रीदर मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर हवा ओढली जाते. ब्रीदर चिखलानं बुजला असेल तर सीलच्या ओठातनं पाणी ओढलं जातं. ब्रीदर पाण्याखाली असेल तर मग विचारायलाच नको.

म्हणून दोन गोष्टी करतो. फरशीच्या अलीकडं दहा-पंधरा मिनिटं गाडी उभी करतो. लोक म्हणतात, अण्णाची तंबाखू मळायची वेळ झाली. म्हणू देत. दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही हौसिंगच्या ब्रीदरच्या जागी निप्पल बसवून डिझेलची रबरी नळी वर चढवलीय. पुढची इंजिनच्या कोठीत, मागची हौद्याच्या पाट्यालगत उंच. नळीच्या तोंडाला मोटरसायकलला असतो तसला छोटा फिल्टर, म्हणजे किडामुंगी, माती जात नाही. नळी बांधताना ताणून बांधू नये. पाटे वर-खाली होतात तसं हौसिंगही होतं, ढील ठेवावी लागते. सगळा खर्च चार-पाचशे रुपयांचा. निप्पल कोल्हापूरला उद्यमनगरात करून घेतले.

अजून एक. एचटीपी पंपानं गाडी धुणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. द्राक्ष-टोमॅटोवर फवारायचा पंप आहे तो. सीलवर आणि ब्रीदरवर जवळनं धार धरली तर ओढ्यात न जाताच पाणी आत. खालून धुवायचं तर लांबनं धुवा.

आता पावसाआधी का पावसानंतर, त्याकडं येतो.

चार वर्षांमागची गोष्ट. पलीकडच्या वाडीतल्या एकांकडं माझ्यासारखीच गाडी होती. नाव घेत नाही. जुलै महिना, दिवस मावळतीला आलेला. हौद्यात युरियाची पोती, त्यावर एक पोरगं आणि दोन माणसं. फरशीच्या मधोमध आल्यावर खाली खट्ट असा आवाज झाला आणि मागची दोन्ही चाकं जाम. क्लच दाबून उपयोग नाही, न्यूट्रल करून उपयोग नाही, कारण अडकलं होतं ते पार मागं, क्राऊन-पिनियनमध्ये. चाकं फिरतच नाहीत तर ढकलणार काय? गुडघाभर पाण्यातनं पोराला खांद्यावर घेऊन माणसं बाहेर आली. ट्रॅक्टर आणेपर्यंत अंधार पडला, वरच्या अंगाला पाऊस झाला आणि पाणी चढलं. रात्रभर गाडी तिथंच. सकाळी नुसती टपाची कड दिसत होती. पोती होती, पण युरिया नव्हता, सगळा विरघळून ओढ्याला गेलेला. माणसं वाचली हे नशीब. पाणी अर्ध्या तासानं आधी चढलं असतं तर काय, याचा विचार अजून वाडीतली बायामाणसं करतात.

पुढं हौसिंग खोललं तेव्हा मी तिथं होतो. तेल कसलं, तांबूस ताक होतं. पिनियनचं बेअरिंग फुटून त्याचे तुकडे दात्यांत अडकलेले. मालक सारखं म्हणत होते, "मे महिन्यात तर तेल बदललंय की." खरंच बदललं होतं. एका गॅरेजात. पण मिस्त्रीनं बेअरिंगच्या गोळ्या हातावर घेऊन दाखवल्या. त्यांवर गंजाचे बारीक खड्डे होते, देवीच्या व्रणासारखे. तो म्हणाला, हे या महिन्याभरातलं नव्हं. गेल्या पावसाळ्यात पाणी शिरलं, ते ऑक्टोबरपासून मेपर्यंत आतच बसून राहिलं. गाडी उन्हाळाभर कमी चालली, तेल वर आणि पाणी खाली. जिथं पाणी टेकलं तिथं लोखंड खाल्लं. मे महिन्यात नवीन तेल घातलं ते असल्या सडक्या बेअरिंगवर. वरनं ते तेलही बरोबर नव्हतं, ते पुढं सांगतो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. वैशाखात फक्त तपासायचं. सील ओली आहेत का, ब्रीदर मोकळे आहेत का, प्लग घट्ट आहेत का, तेलाची पातळी बरोबर आहे का. पावसात दर पंधरा दिवसांनी पाणी बघायचं. आणि पाऊस सरला, ओढा उतरला, की सगळं तेल काढून टाकायचं, म्हणजे आठ महिने गाडीच्या पोटात पाणी राहत नाही. पावसाआधी नवीन तेल घातलं तर पहिल्या पुरात ते नासतं. पैसे गेले ते गेलेच, आणि "आत्ताच बदललंय" म्हणून माणूस बघायचंही सोडतो. हे माझं मत ओढा ओलांडणाऱ्या गाड्यांपुरतं. ज्यांची गाडी वर्षभर कोरड्या रस्त्यावर आहे त्यांनी कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तसं चालावं.

पंधरा दिवसांनी पाणी बघायचं म्हणजे सगळं तेल सोडायचं नाही. गाडी रात्रभर उभी ठेवायची. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं. पहाटे गाडी चालू करायच्या आधी खालचा प्लग दोन आटे ढिला करायचा, पूर्ण काढायचा नाही, आणि खाली वाटी धरायची. चांगलं असेल तर पहिला थेंबच तेलाचा येतो, जाड, मधासारखा ओघळतो. पाणी असेल तर ते आधी टपटप येतं. गाडी रोज पळत असेल तर पाणी आणि तेल घुसळून एक झालेलं असतं, मग दुधाच्या चहासारखा रंग दिसतो. शंका वाटली तर दोन थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकायचे. पाणी असेल तर चरचर आवाज करून फुटतात, नुसतं तेल असेल तर गप्प राहून धुरकटतं. पत्रा म्हणालो, तवा नव्हे. घरातनं तवा मागितला तर काय उत्तर मिळतं ते मला पाठ आहे. मी जुन्या डब्याचं झाकण ठेवलंय.

यंदा आषाढात असंच एका पहाटे बघितलं तर मागच्या हौसिंगमधनं आधी दोन-तीन चमचे स्वच्छ पाणी आलं आणि मग चहाच्या रंगाचं तेल. ब्रीदरची नळी उंदरानं कुरतडली होती, हौद्याच्या खाली जिथं ती वळते तिथंच. पाणी लागायला तेवढं भोक बास होतं.

माझ्याकडं तेव्हा घरात लिटरभरच तेल होतं. मी गाडी बंद ठेवली. आता बघा, वस्तीचं साठ-सत्तर लिटर दूध एका वेळेचं. ते साकवावरनं डोक्यावर न्यावं लागलं, दोन दिवस, दोन्ही वेळा. साकव पावसात निसरडा असतो. पहिल्याच सकाळी एकाची किटली कलंडली, पाच लिटर गेलं. तो मला म्हणाला, "दोन चमचे पाण्यानं काय हुतंय अण्णा? आज जाऊन ये, मग कर काय करायचं ते." त्याचं नुकसान झालं होतं, त्याला राग येणारच. मी एवढंच म्हणालो की फरशीवर चाक जाम झालं तर दूध नाही, माणसं उतरवायला लागतील. तो गेला. अजूनही भेटला की बोलून दाखवतो. मी गाडी घातली असती तर बेअरिंग गेलंच असतं असं मी म्हणत नाही. कदाचित आठवडाभर काही झालंही नसतं. पण ते कुठं आणि कधी जाणार हे आपल्या हातात नव्हतं, आणि हौद्यात बसणारी माणसं आपली होती.

तिसऱ्या दिवशी मलकापुरातनं तेल आणलं. एकदा तेल सोडून चालत नाही, दुधाळ तेल नळीत, बेअरिंगमध्ये, कोपऱ्यात चिकटून राहतं. काहीजण रॉकेल किंवा डिझेल ओतून धुतात. मला ते पटत नाही, कारण तेही सगळं बाहेर येत नाही आणि नवीन तेल पातळ करतं. मी साधं स्वस्तातलं गिअर तेल भरून चार-पाच किलोमीटर गाडी हळू चालवली, गरम असताना तेच सोडलं, झाकणावर थेंब टाकून ऐकलं. थोडं चरचरलं. म्हणून आणखी एकदा तसंच केलं. दुसऱ्या वेळी आवाज आला नाही, मग चांगलं तेल भरलं. खर्च दुप्पट झाला हे खरं.

आता तेल कोणतं, कारण इथं जास्त गोंधळ आहे. दुकानात आपण काय म्हणतो? "नव्वद नंबर द्या." नव्वद हा नुसता जाडीचा आकडा आहे. डब्यावर दुसरं काहीतरी लिहिलेलं असतं ते बघायचं, जीएल-४ किंवा जीएल-५. हौसिंगमधल्या पिनियनचा दांडा क्राऊनच्या मध्यावर नसतो, जरा खाली असतो. त्यामुळं दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत घसरतातही. त्या घासण्यात तेलाचा थर पुसला जातो. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची जास्त द्रव्यं असतात, ती दात्यावर चिवट थर धरतात. त्या तेलाचा उग्र वास येतो तो त्याचाच. हौसिंगला हेच लागतं.

गिअरबॉक्सचं उलटं. त्यात गिअर गुपचूप पडावा म्हणून पितळी रिंगा असतात. जीएल-५ मधली ती द्रव्यं तापल्यावर पितळेला बाधतात, शिवाय रिंगेला पकड लागते ती जास्त निसरड्या तेलात मिळत नाही, गिअर टाकताना करकर होते. म्हणून गिअरबॉक्सला जीएल-४. माझ्या गाडीत ट्रान्सफरलाही तेच घालतो. तुमच्या गाडीचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तकाचं ऐका, माझं नको.

आणि ट्रॅक्टरचं उरलेलं तेल. मघाशी म्हणालो ते हेच. त्या गाडीच्या हौसिंगमध्ये गॅरेजवाल्यानं ट्रॅक्टरचं तेल ओतलं होतं. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरचं तेल गिअरला, हायड्रॉलिकला आणि ब्रेकला मिळून एकच असतं. ट्रॅक्टरला ते उत्तम आहे. पण ते पातळ असतं आणि ताकद साधारण जीएल-४ च्या तोडीची. जीपच्या क्राऊन-पिनियनला पुरत नाही. घरात वीस लिटरची बादली अर्धी उरलीय म्हणून जीपला घातली, असं करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तेल तेलच की, असं म्हणतात. मग युरियाही खत आणि पोटॅशही खतच की!

हौसिंग हुंकार द्यायला लागलं की काही मिस्त्री एकशे चाळीस नंबर घालून देतात. आवाज बसतो, झीज बसत नाही. विकायच्या गाडीत असलं तेल घातलेलं असतं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी मागचा प्लग खोलून बोट घालून बघावं. फारच जाड, गुळाच्या काकवीसारखं लागलं तर विकणाऱ्याला विचारावं.

बदलताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, आधी वरचा, म्हणजे भरायचा प्लग खोलायचा. तो निघाला तरच खालचा खोलायचा. वरचा गंजून बसलेला असतो. आधी खालून तेल सोडून दिलं आणि वरचा निघेनाच, तर गाडी रिकाम्या हौसिंगनं दारात उभी. आदल्या रात्री प्लगवर डिझेलचे थेंब सोडून ठेवावे, सकाळी हातोडीनं हलके ठोके द्यावे आणि बरोबर मापाचा चौकोनी पाना लावावा. छिन्नी लावून ठोकू नये. खोलायच्या आधी भोवतालची माती ब्रशनं साफ करावी, नाहीतर तीच आत पडते. काही हौसिंगना खाली प्लगच नसतो, मागची ताटली उघडावी लागते, मग पॅकिंग आधी आणून ठेवावं.

गाडी पाच-सात किलोमीटर चालवून आणावी, तेल गरम असलं की तळातला गाळही बरोबर वाहून येतो. जागा सपाट हवी. आमच्याकडं सगळ्यात सपाट जागा म्हणजे खळं. धान्याच्या जागेवर तेल सांडायचं नाही म्हणून खाली खताची रिकामी पोती आणि त्यावर पाटी. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे. जीपखाली माणूस सरकतो, जॅक लावायची गरज नाही. उलट जॅक लावून गाडी तिरकी केली तर पातळी चुकते, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणं हे वेगळंच मरण.

खालच्या प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर काय आलंय ते बोटावर घेऊन चोळून बघा. काजळासारखं मऊ काळं असेल तर ती रोजची झीज, काळजी नाही. बोटाला टोचणारे कण, सुईसारखे किंवा चपटे तुकडे आले तर तेल भरायच्या आधी मिस्त्रीला बोलवा. माझ्या प्लगला चुंबक नाही, मी जुन्या स्पीकरचा चुंबक पाटीत ठेवतो. यंदा मागच्या हौसिंगमधनं काजळ निघालं, कण नाही. बरं वाटलं.

भरताना प्लगच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल यायला पाहिजे. करंगळी घालून वाकवली की टोकाला लागलं पाहिजे. जास्त भरू नये, जास्त झालं की तापून सीलमधनं बाहेर येतं आणि मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये जातं. उतारावर ब्रेक लागत नाहीत तेव्हा कळतं. चाकाच्या आतल्या बाजूला ओला ओघळ दिसला तर बोटानं बघा. चिकट, जाड, उग्र वासाचा असेल तर हौसिंगचं तेल. पातळ असून पाण्यानं सहज धुऊन निघत असेल तर ब्रेकचं तेल. दोन्हीपैकी कुठलंही असलं तरी गाडी उभी करा.

माझ्या गाडीला चारही मिळून पाच लिटरच्या आसपास तेल लागतं. यंदा पावसाळ्यातलं धरून अडीच-तीन हजार गेले. त्या पलीकडच्या गाडीचं क्राऊन-पिनियन, बेअरिंग, मजुरी आणि इंजिनमध्ये गेलेलं पाणी, सगळं मिळून मालकानं शेवटी गाडीच भंगारात दिली.

जुन्या जीपवाल्यांसाठी आणखी एक. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर एकमेकांना चिकटून असतात, मध्ये एक सील. ते झिजलं की एकाचं तेल दुसऱ्यात जातं. ट्रान्सफरचा वरचा प्लग खोलल्यावर तेल भसाभसा बाहेर येतं आणि माणूस खूश होतो की भरपूर आहे. ते भरपूर नसतं, गिअरबॉक्समधलं तिकडं गेलेलं असतं, आणि गिअरबॉक्स कोरडा पडत चाललेला असतो. म्हणून दोन्हींची पातळी एकाच वेळी बघायची. माझ्यात थोडं तसं व्हायला लागलंय. पुढच्या उन्हाळ्यात गिअरबॉक्स उतरवावा लागणार, तोवर महिन्याला बघत राहायचं.

पुढच्या हौसिंगला लोक विसरतातच. फोर-व्हील कधीतरीच लागतं, मग त्याचं तेल कशाला खराब होईल? पण ओढ्यात पाणी पुढच्या हौसिंगलाही तेवढंच लागतं. वापर नसल्यामुळं वरचे दाते कोरडे राहतात आणि गंजतात. मी महिन्यातनं एकदा पुढचे हब लॉक करून शेताच्या मातीच्या वाटेवर दोन-तीन किलोमीटर फोर-व्हीलमध्ये चालवतो, म्हणजे तेल सगळीकडं फिरतं. हे डांबरीवर करू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर जात नाहीत. मातीत चाक थोडं घसरून ते भागवतं. डांबरीवर घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टवर आणि ट्रान्सफरवर येतो.

काढलेलं तेल मी डब्यात भरून मलकापूरला गॅरेजच्या पिंपात देतो. कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी जुनं तेल लावायची आपल्याकडं रीत आहे, पण आमचे खांब ओढ्याच्या आणि भाताच्या खाचरांच्या कडेला आहेत, पावसात ते तेल धुऊन खाचरात येतं. पाण्यावर रंगीत तवंग दिसतो तो तोच. गाडीतलं तेल पाण्यापासून राखायला एवढी धडपड करायची आणि काढल्यावर तेच पाण्यात सोडायचं, हे मला जमत नाही. कृषी सहायकांचंही तेच म्हणणं पडलं.

पुढच्या चाकांच्या गोळ्यांत आणि शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस मारायचं तेवढं राहिलंय. ग्रीस गन खालच्या आळीत गेलीय ती पंधरा दिवस झाले परत आली नाही. ज्यांच्याकडं आहे त्यांनी वाचलं असेल तर उद्या सकाळपर्यंत आणून द्यावी.